औषधाइतकीच चूल लागते

प्रति,
मा. संपादक,
सविनय नमस्कार.

विषय : कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना निवारा देणाऱ्या संस्थेचे जाहीर आभार

महोदय,

परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावातील 'ड' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचा मी ग्रंथपाल आहे. आपले दैनिक रोज सकाळच्या एसटीने फाट्यावर येते आणि ते आणून दांडीला लावणे हे माझे दिवसाचे पहिले काम असते. सोळा वर्षे मी या पानावरची इतरांची पत्रे वाचत आलो. स्वतः लिहिण्याची वेळ आज प्रथमच येत आहे. आमच्या धाकट्या मुलीचे रक्ताच्या कर्करोगावरील उपचार संपून गेल्या महिन्यात वर्ष झाले, वर्षाची तपासणीही निर्वेध पार पडली, आणि ज्यांच्यामुळे हे उपचार अर्ध्यावर सुटले नाहीत त्यांचे आभार चार लोकांत मानावेत असे आमच्या घरात ठरले. पत्र माझ्या हातचे असले तरी त्यात माझ्या पत्नीचे, आईचे आणि थोरल्या मुलाचेही म्हणणे आहे.

2022 च्या श्रावणात मुलगी साडेपाच वर्षांची होती. रोज संध्याकाळी अंगात बारीक ताप, चेहरा पांढराफटक, आणि रात्र झाली की पाय दुखतात म्हणून रडणे. माझी आई तेल कोमट करून तिचे पाय चोळून देत असे. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी टायफॉईड समजून सलाईन लावले, टॉनिकची बाटली दिली, आणि त्यातच तीन आठवडे गेले. कुठे लागले-खुपले नसताना तिच्या नडग्यांवर काळेनिळे डाग उमटू लागले तेव्हा माझ्या पत्नीनेच हट्ट धरला, की रक्त तपासल्याशिवाय आता एक गोळीही द्यायची नाही. परभणीच्या तपासणीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, 11 हजार निघाल्या. त्या दीड लाखाच्या वर असाव्या लागतात. अहवालाच्या तळाशी 'ब्लास्ट' असा एक शब्द होता. जन्मभर शब्दांच्या सहवासात राहूनही त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता; रक्तातल्या अपक्व, रोगट पेशींना तसे म्हणतात हे पुढे कळले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी प्लेटलेटची एक पिशवी चढवली, आम्हा दोघांना समोर बसवले आणि सांगितले, "वेळ घालवू नका. टाटाला जा."

आमच्याकडे 'टाटाला नेले' या शब्दांचा अर्थ अजूनही फारसा बरा घेतला जात नाही. निरोप द्यायला अंगणात जमलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले, ते मुलीने पाहिले आणि आपण नेमके कुठे जात आहोत असे तिने गाडीत मला दोनदा विचारले. देवगिरी एक्स्प्रेसने पहाटे दादरला उतरून आम्ही परळला पोहोचलो. 1941 साली सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या दारात देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली इतकी लहान मुले पाहून मी हबकलो. कर्करोग हा मोठ्या माणसांचा, तंबाखू-विडीचा आजार, अशीच माझी तोवर समजूत होती. आजाराचे पूर्ण नाव अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच, आणि तो बरा होतो, असे तिथल्या डॉक्टर बाईंनी सांगितले. त्यांनी एका कागदावर रेघ ओढून दाखवली : पहिला महिना कठीण, त्यानंतरचे सहा-आठ महिने केमोचे, आणि मग दोन वर्षांच्या आसपास घरी राहून गोळ्या, ज्याला तिथे सगळे 'मेंटेनन्स' म्हणतात. रेघ ओढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मध्येच सोडून जाऊ नका." हे वाक्य त्यांनी त्या एका भेटीत तीनदा उच्चारले. पोटचे मूल बरे होणार असताना उपचार सोडून कोण जाईल, असे मला तेव्हा वाटले होते. पंधरा दिवसांत मला त्याचे उत्तर मिळाले.

औषधांचा मोठा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून आणि रुग्णालयाच्या मदतनिधीतून भागला, हे आधी कृतज्ञतेने नोंदवतो. आम्ही मोडत होतो ते दुसरीकडे. परळच्या आसपास एका खोलीत तीन कुटुंबे मिळून राहण्याचे माणशी दिवसाला 250 रुपये पडत होते. माझे महिन्याचे मानधन त्या खोलीत आठ दिवस टिकले. नवव्या दिवशी आम्ही जेरबाई वाडिया रस्त्याच्या पदपथावर आलो. तिथे प्लॅस्टिकचे कागद ताणून राहणारी कुटुंबे मुंबईकरांना रोज दिसतात. त्यांच्यात आपण कधी असू असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. भाद्रपदातला पाऊस होता. चार रात्री आम्ही काढल्या. मुलगी मधे, दोन्ही बाजूंना आम्ही, आणि उशाला तपासणीची फाईल, तीन पिशव्यांत गुंडाळलेली. ती फाईल भिजू नये एवढी एकच काळजी त्या रात्री मला घेता येण्यासारखी होती.

इथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगावी लागेल, कारण ती कळल्याशिवाय पुढचे आभार कशाचे ते कळणार नाही. केमोने कर्करोगाच्या पेशी मरतात तशा रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी पाचशेच्या खाली गेल्या की साधा जंतूही मुलाच्या जिवावर बेततो. वॉर्डाबाहेर पालक एकमेकांना भेटले की 'कसे आहात' असे न विचारता 'आज काऊंट किती?' असे विचारतात, ते यामुळे. काऊंट पडलेल्या मुलाला उकळून गार केलेले पाणी, ताजे आणि गरम अन्न, स्वच्छ संडास आणि गर्दीपासून दूर झोपायला जागा लागते. बाहेरचे खाणे, चिरून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर सगळे वर्ज्य. या सूचनांचा छापील कागद आमच्या हातात होता आणि आम्ही पदपथावर बसून तो वाचत होतो. पाचव्या दिवशी मुलीला 102 ताप भरला. काऊंट 200 वर आला होता. पुढचे नऊ दिवस ती प्रतिजैविकांवर वॉर्डात होती, आणि त्या नऊ दिवसांत मी पत्नीला एकदा म्हणून गेलो की आपण हिला घरी घेऊन जाऊ. जे मरण यायचे ते निदान आपल्या ओसरीवर येईल. हे वाक्य लिहिताना आज लाज वाटते, पण ते गाळून हे पत्र लिहिले तर ते खोटे ठरेल.

रुग्णालयातील समाजसेविकेने आमची अडचण न सांगता ओळखली. तिच्या चिठ्ठीवर आधी दादरच्या संत गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत काही दिवस आसरा मिळाला. देवळात देव शोधण्यापेक्षा माणसाच्या सोयीसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या बाबांच्या नावाखाली आम्ही पहिल्यांदा कोरड्या जमिनीवर झोपलो, आणि ते ऋण वेगळेच आहे. तिथूनच, कागदपत्रांची छाननी होऊन, आमची सोय सेंट ज्यूड इंडिया चाईल्डकेअर सेंटर्स या संस्थेच्या कॉटन ग्रीन येथील केंद्रात झाली. मुंबई बंदराच्या जुन्या इमारती नीटनेटक्या करून तिथे या मुलांसाठी घरे केली आहेत. ही संस्था श्यामा आणि निहाल कविरत्ने या दांपत्याने 2006 मध्ये मुंबईत सुरू केली, आणि आता देशातील इतरही अनेक शहरांत तिची केंद्रे आहेत. गावाहून उपचारासाठी शहरात आलेल्या गरीब कुटुंबातील मुलाला, आईवडिलांसह, उपचार चालू असेपर्यंत विनामूल्य राहू द्यायचे, हे तिचे काम. राहण्याची जागा, शिधा, रुग्णालयात नेण्या-आणण्याची गाडी, मुलांसाठी शिकवणी आणि आईवडिलांसाठी समुपदेशन हे सगळे त्यात येते.

माझ्या मते या सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तिथले स्वयंपाकघर. रांगेत उभे राहून ताट घेण्याची पद्धत तिथे नाही. मोठे सामायिक स्वयंपाकघर आहे, त्यात प्रत्येक कुटुंबाला आपला गॅस, आपली भांडी, आणि आठवड्याचा शिधा मिळतो. आपल्या लेकराला काय रांधून घालायचे ते त्याच्या आईने ठरवायचे. हे ज्याने ठरवले त्याला घर म्हणजे काय ते कळलेले असणार. माझ्या पत्नीने पहिल्या दिवशी ओट्यावर हात फिरवला, पीठ मळले, आणि एक भाकरी थापून तव्यावर टाकली. भाकरी फुगली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पत्नी रडली. वॉर्डात, पदपथावर, तापाच्या रात्री तिच्या डोळ्याला पाणी आले नव्हते.

पुढच्या टप्प्यात स्टिरॉइड पुन्हा सुरू झाले आणि मुलीला भुकेचा आगडोंब उसळला. हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना सांगून पटणार नाही. पूर्वी अर्धी भाकरी खाणारे पोर पहाटे चारला उठून "आई, पिठलं पाहिजे, आत्ता पाहिजे" म्हणून हट्ट धरायचे, खाऊन तासाभरात पुन्हा मागायचे, आणि नाही मिळाले तर गाल फुगलेल्या त्या चेहऱ्याने असे पाहायचे की आपलेच काही चुकले असे वाटावे. शेजारच्या ओट्यावर बंगालमधून आलेली एक बाई होती. तिचा सात वर्षांचा मुलगा त्याच औषधावर. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. उजाडता उजाडता एकीकडे पिठल्याला फोडणी पडायची, दुसरीकडे भात रटरटायचा, आणि माझी पत्नी हळूहळू 'खिदे' हा शब्द शिकली, तिने 'भूक' हा शब्द उचलला. दोघींच्या संभाषणाला बराच काळ एवढेच दोन शब्द होते आणि ते पुरत होते. पुढे त्या मुलाला आमच्या ज्वारीच्या भाकरीची चटक लागली, आणि शिध्यात ज्वारी नसे म्हणून गावाहून येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत मी पीठ मागवू लागलो.

त्या केंद्रातले नियम सुरुवातीला मला जाचक वाटले, हेही सांगून टाकतो. चपला बाहेर, हात धुतल्याशिवाय आत यायचे नाही, मुखपट्टी सोडायची नाही, आपली खोली आणि ओटा आपणच लख्ख ठेवायचा, बाहेरचे खाणे आणायचे नाही. गावाकडच्या माणसाला वाटते, फुकट राहू देतात म्हणून धाक दाखवतात. पण आम्ही तिथे राहिलो त्या आठ महिन्यांत मुलीचा काऊंट अनेकदा पडला आणि ताप मात्र एकदाच आला. त्यानंतर नियमांविषयी माझी तक्रार उरली नाही. उलट घरी आल्यावर मीच आईला चुलीजवळ जाण्याआधी दोनदा हात धुवायला लावू लागलो आणि त्यावरून आमचे वादही झाले.

पेरणीच्या दिवसांत मला गावी परतावे लागले. अडीच एकर कोरडवाहू आहे, ती पडीक ठेवणे परवडणारे नव्हते. पत्नी आणि मुलगी तिथे दोघीच राहिल्या, आणि मला रात्री झोप लागत होती, ती तिथली माणसे ओळखीची झाली होती म्हणूनच. थोरला मुलगा तेव्हा पाचवीत होता आणि आजीजवळ राहत होता. अशा आजारात घरातल्या दुसऱ्या मुलाकडे कुणाचे लक्ष नसते. त्याने एकदा फोनवर विचारले, "मला काही झालं तर मलाही मुंबईला नेणार का?" त्याला मुंबई पाहायची होती की आई, हे मी विचारले नाही. दिवाळीच्या सुटीत त्याला तिकडे नेले तेव्हा समुपदेशक ताई त्याच्याशी तासभर बोलत बसल्या. काय बोलल्या ते त्याने आम्हाला अजून सांगितलेले नाही, पण परतल्यावर तो पुन्हा शाळेच्या मैदानात दिसू लागला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हेच प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली आहे. त्याची जी कारणे ती देते त्यांत निदान उशिरा होणे आहे, चुकीचे होणे आहे, आणि उपचार मध्येच सोडणेही आहे. यातली पहिली दोन आमच्या वाट्याला तालुक्यालाच आली आणि तिसऱ्याच्या उंबरठ्यावर मी स्वतः उभा होतो. रेल्वेने कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत दिली आहे, योजनेतून केमो मिळते, डॉक्टर जीव ओतून काम करतात. आणि तरीही एखादा बाप मूल उचलून गावची गाडी धरतो, कारण रात्री झोपायचे कुठे आणि सकाळी शिजवायचे कशावर, या प्रश्नाला कोणत्याही फाईलमध्ये रकाना नसतो. सेंट ज्यूडसारख्या संस्था हा रकाना भरतात. त्यांच्या कामाला 'निवासाची सोय' एवढेच म्हणणे मला अपुरे वाटते. आमच्या मुलीच्या उपचाराचा तो एक भागच होता. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचे औषध आणि पाठीच्या कण्यात देतात ते इंजेक्शन यांच्याइतकाच.

मेंटेनन्सची दोन वर्षे त्यामानाने शांत गेली. रोज रात्री गोळी, ठरलेल्या दिवसांनी देवगिरीचा प्रवास, रक्त, काऊंट, परत. शेवटची गोळी घेतली त्या वेळी आम्ही पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन कॉटन ग्रीनला गेलो. तो दारातच थांबवला गेला. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही, हा नियम आम्हीच आठ महिने पाळला होता आणि आनंदाच्या भरात नेमका तोच विसरलो. मुलगी मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुम्हाला एवढंपण माहीत नाही?" तिथले सगळे हसले. पुडा तसाच परत आला आणि गावात वाटला. ज्यांच्यासाठी घेतला होता त्यांनी त्यातला कणही चाखला नाही, म्हणून हे पत्र.

आभारांबरोबर एक मागणे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आणि नागपूरच्या तुकडोजी महाराज कर्करोग रुग्णालयात मराठवाडा-विदर्भातून मुले येतात. ज्या गावांत ही रुग्णालये आहेत तिथल्या दानशूर मंडळींनी एखादी बंद पडलेली इमारत, रिकामी शाळा, जुने गोदाम या कामासाठी द्यावे, आणि कसे चालवायचे ते या अनुभवी संस्थेला विचारावे. मंगल कार्यालयाच्या कमानीवर नाव कोरण्यासाठी आपल्याकडे लाखो रुपये दिले जातात, त्याला माझी हरकत नाही. पण बारा ओटे, बारा गॅस आणि बारा स्वच्छ खोल्या एवढ्यावर बारा मुलांचे उपचार पुरे होऊ शकतात. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या रक्तपेढीत प्लेटलेटदानासाठी नाव नोंदवावे. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे त्या साठवून ठेवता येत नाहीत, ऐन वेळी माणूसच लागतो. आमच्या मुलीला एकूण सतरा वेळा त्या लागल्या आणि त्या देणाऱ्या बहुतेकांची नावेही आम्हाला ठाऊक नाहीत.

माझे नाव छापू नये ही विनंती आहे. मुलगी आता तिसरीत आहे, केस खांद्यापर्यंत आले आहेत, दोन वेण्या घालते. शाळेत परतली त्या वर्षी एका आईने आपल्या मुलाला तिच्याशेजारी बसू दिले नव्हते. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे मी त्यांच्या घरी जाऊन समजावले, त्यांना ते पटलेही, पण तिने जन्मभर 'कॅन्सरवाली' म्हणून ओळखले जाऊ नये असे आम्हाला वाटते. आपल्याकडे मात्र माझा पत्ता राहू द्यावा. परभणी, हिंगोली, नांदेड, जालना या भागातल्या ज्या घरात असे निदान नुकतेच झाले असेल, त्यांनी आपल्याकडून तो घेऊन माझ्याकडे यावे. कोणते कागद काढायचे, रेल्वेचा सवलतीचा अर्ज कसा भरायचा, परळला उतरल्यावर समाजसेवा विभागाची खिडकी कोणत्या बाजूला आहे, हे मी लिहून देईन. ग्रंथालय सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8 उघडे असते. सोमवारी बंद असते, पण मी शेजारीच राहतो.

आपला नम्र,
एक ग्रंथपाल व पालक,
जि. परभणी
(नाव व पूर्ण पत्ता संपादकांसाठी स्वतंत्र जोडला आहे.)